कारखान्याची आग विझली, पण हवा सुरक्षित झाली हे कशावरून ठरवायचं?

ठाणे जिल्ह्यात एमआयडीसीला खेटून असलेल्या एका सोसायटीत राहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. दुपारी जवळच्या रसायनांच्या कारखान्याला आग लागली, रात्री उशिरा विझली. मोबाईलवरच्या ॲपमध्ये हवेचा निर्देशांक दिवसभर ‘मध्यम’ होता. घरात मात्र सगळ्यांचे घसे खवखवत होते, डोळे चुरचुरत होते, आणि तिसऱ्या दिवशीही पहाटे उग्र वास येतच होता. अधिकारी म्हणाले, पातळी मर्यादेत आहे. आता विश्वास कोणावर ठेवायचा, आणि नेमकी कुठली मोजणी मागायची?

ताई, तुमचा घसाही खरं सांगतोय आणि ॲपही खोटं बोलत नाही. ॲपमधला निर्देशांक ज्या कामासाठी बनवला आहे, ते काम आगीचं नाही, एवढंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले बारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन सोडले, तर बाकीच्यांची २४ तासांची सरासरी धरतात. रोजच्या वाहतुकीच्या, धुळीच्या, हिवाळी धुरक्याच्या हवेसाठी ही पद्धत योग्य आहे. पण समजा, दुपारी तीन तास तुमच्या गॅलरीत पीएम २.५ ची पातळी ५०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती आणि उरलेले २१ तास ३०. सरासरी येते ८९, आणि ६१ ते ९० म्हणजे ‘मध्यम’. दम्याच्या मुलाला झटका त्या तीन तासांत येतो. सरासरीत ते तीन तास विरून जातात.

शिवाय केंद्र कुठे आहे, हे बघा. सरकारी स्वयंचलित केंद्र तुमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर असेल आणि वारा दुसरीकडे वाहत असेल, तर धुराचा लोट त्या केंद्राला शिवलाही नसेल. आणि लोट केंद्रावरून गेला, तरी हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन सायनाइड, फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांपैकी एकही त्या आठांत नाही. घसा आणि डोळे जाळणारे बहुतेक याच गटातले असतात.

म्हणून आगीनंतर मी पहिला प्रश्न हवेबद्दल विचारतच नाही. जळलं काय, हे विचारतो. क्लोरीन असलेलं द्रावक (सॉल्व्हंट) किंवा पीव्हीसी जळलं, तर हायड्रोजन क्लोराइड शोधायचा. पॉलियुरेथेन, नायलॉन किंवा नायट्रोजन असलेली रसायनं जळली, तर सायनाइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. रबर किंवा गंधकयुक्त माल असेल, तर सल्फर डायऑक्साइड. रंग आणि द्रावकांच्या गोदामात बेंझीन, टोल्युइन, झायलीन. आणि काहीही जळलं, तरी बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतातच. गोदामात काय होतं हे माहीत नसताना उपकरण घेऊन फिरलं, तर जे उपकरणाला दिसतं तेच सापडतं, आणि जे दिसत नाही ते ‘नाही’ म्हणून कागदावर जातं.

फ्रान्समधल्या रुआँ शहरात २६ सप्टेंबर २०१९ ला लुब्रिझोल या रसायन कंपनीचा कारखाना आणि शेजारचं गोदाम पेटलं. सुमारे साडेनऊ हजार टन माल जळला, धुराचा लोट २२ किलोमीटर लांब पसरला. कारखान्यात काय काय जळलं, त्याची यादी लोकांसमोर यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत प्रशासनाने हवेचे जे आकडे दिले, त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला नाही, आणि मला लोकांचं म्हणणं पटतं. यादीच नाही, तर योग्य पदार्थ मोजले की नाही हे तपासायचं कशावरून? आपल्याकडे कारखान्याला मिळालेल्या संमतीपत्रात कच्चा माल, उत्पादनं आणि त्यांचं प्रमाण लिहिलेलं असतं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर ही संमतीपत्रं शोधता येतात. आगीच्या दिवशी प्रत्यक्ष साठा त्याहून वेगळा असू शकतो, पण सुरुवात तिथून होते.

आता उपकरणांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘आम्ही येऊन मोजलं, काही नाही’ या वाक्याचा अर्थ उपकरणावर ठरतो. पथकाच्या हातात सहसा पीआयडी असतो, म्हणजे अतिनील दिव्यावर चालणारा वायुमापक. चालू केला की पंपाची घरघर सुरू होते, नळीचं तोंड पुढे धरायचं आणि पडद्यावर एक आकडा वर-खाली होत राहतो. तो आकडा म्हणजे दिव्याला दिसणाऱ्या सगळ्या सेंद्रिय वाफांची मिळून बेरीज, तीही आयसोब्युटिलीन या वायूच्या मापात. त्यात बेंझीन किती, टोल्युइन किती, हे कळत नाही. नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दिव्याला हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि फॉर्माल्डिहाइड दिसतच नाहीत. घसा जाळणारा वायू समोर असतानाही पडदा शून्य दाखवू शकतो. दमट हवेत तर आकडा आणखी बिघडतो, आणि कोकणपट्टीत कोरडी हवा असते तरी किती दिवस!

म्हणून पीआयडी हा वास कुठून येतो त्याचा माग काढण्यासाठी वापरावा. निर्वाळा देण्यासाठी नाही. आम्लधर्मी वायूंसाठी रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या किंवा त्या-त्या वायूचा सेन्सर लागतो. बेंझीनसारख्या पदार्थांचा नेमका आकडा हवा असेल, तर आतून निर्वात केलेला स्टीलचा डबा लागतो, साधारण सहा लिटरचा. झडप उघडली की हवा आपोआप आत ओढली जाते. मग तो प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. यात वेळ जातो, म्हणून डबे पहिल्याच तासांत भरून ठेवायचे असतात. निकाल चार दिवसांनी आला तरी चालेल, पण त्या तासाची हवा पुन्हा मिळत नाही. डायऑक्सिनसाठी (क्लोरीनयुक्त माल जळताना तयार होणारी अतिविषारी संयुगं) तर मोठ्या पंपाने कितीतरी तास हवा ओढावी लागते आणि अहवालाला आठवडे लागतात. ते ‘आज’ कळेल असं कोणी सांगितलं तर मानू नका.

पहिल्या दिवसांत मोजणी झाली नाही की काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या मॉरवेलने सोसलं. ९ फेब्रुवारी २०१४ ला गावालगतच्या हेझलवूड कोळसा खाणीला आग लागली आणि ती ४५ दिवस धुमसली. खाणीला सगळ्यात जवळ असलेल्या दक्षिण मॉरवेलमध्ये बारीक कणांची मोजणी सुरू व्हायला उशीर झाला. वृद्ध, गरोदर बायका, लहान मुलं आणि हृदय-फुप्फुसाचे रुग्ण यांनी तात्पुरतं दुसरीकडे जावं, हा सल्ला आला २८ फेब्रुवारीला. तो फार उशिरा आला, असं नंतरच्या चौकशीने स्पष्ट म्हटलं. पुढे मोनाश विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली लोकांच्या आरोग्याचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत कोणी किती धूर घेतला, हे हवामानाच्या संगणकीय प्रारूपावरून अंदाजाने काढावं लागलं. आकडे नसले की माणसाचं त्या वेळी नुकसान होतंच, आणि नंतर ते सिद्ध करण्याचा पुरावाही हाती राहत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत हे वारंवार घडतं, म्हणून मी यावर एवढा अडून बसतो. डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात अमुदान या कारखान्यात. मृत आणि जखमींची मोजणी होते, व्हायलाच हवी. धुराखालच्या इमारतींत कोणी काय श्वासात घेतलं, त्याची नोंद ठेवणंही तितकंच सरकारचं काम आहे.

आता तुमचा पहाटेचा वास. आपल्या किनारपट्टीत दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे पश्चिमेकडून वाहतो. रात्री तो मंदावतो आणि पहाटेपर्यंत उलटा, पूर्वेकडून सरकतो. दिवसा तुमची सोसायटी कारखान्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला असेल, तर तीच पहाटे खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला येते. त्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन खाली बसते, आणि वरची गरम हवा तिला उठू देत नाही. दुपारी जी वाफ वर जाऊन विरळ झाली असती, ती पहाटे पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आडवी पसरते. पथक सकाळी अकराला आलं, वारा सुटलेला होता, आकडे स्वच्छ आले. यात लबाडी असेलच असं नाही, पण पहाटे चारला काय होतं त्याचं उत्तर अकराच्या आकड्यात नसतं. मागणी करायची तर ही करा: मोजणी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, कारखान्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी, आणि प्रत्येक आकड्यासोबत वाऱ्याची दिशा लिहिलेली.

धूर किती काळा आणि किती मोठा दिसतो, यावरून मात्र अंदाज बांधू नका. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या तेलसाठ्याला लागलेल्या आगीचा लोट अवाढव्य होता, पण प्रचंड उष्णतेमुळे तो सरळ वर गेला आणि जमिनीलगत प्रदूषण त्या मानाने कमी राहिलं. शेजाऱ्यांना जास्त त्रास देतो तो धुमसणारा, अर्धवट विझलेला, गार धूर. त्याला वर जायला उष्णताच नसते.

आणि आग विझली म्हणजे वायू थांबले, असं तर मुळीच नाही. टेक्सासमध्ये डीअर पार्क इथल्या आयटीसी कंपनीच्या टाक्यांना १७ मार्च २०१९ ला आग लागली, २० तारखेला ती विझली. लोकांना हायसं वाटलं. २१ तारखेला पहाटे तिथे बेंझीनची पातळी वाढली आणि लोकांना दारं-खिडक्या लावून घरातच थांबायला सांगावं लागलं. जळत होतं तेव्हा बेंझीनही जळत होतं. आग विझल्यावर उरलेल्या द्रवावरचा फेसाचा थर फाटला आणि वाफा मोकळ्या सुटल्या. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी येणाऱ्या वासाचं मूळही असंच असू शकतं: ढिगाऱ्यातली फुटकी पिंपं, किंवा आग विझवताना रसायनं घेऊन नाल्यात गेलेलं पाणी. पथक आलं की त्यांना नाल्याच्या काठी आणि गटाराच्या झाकणांपाशी उपकरण धरायला सांगा. जेसीबीने ढिगारा उपसायला घेतला की पुन्हा धूळ आणि वाफा उठतात. त्या दिवसांतही मोजणी चालू हवी, आणि उपसा कधी करणार ते शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळायला हवं.

आता ‘मर्यादेत आहे’ या उत्तराबद्दल. कुठल्या मर्यादेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेंझीनचंच बघा. अमेरिकेत आणीबाणीसाठी ठरवलेल्या पातळ्यांमधली सगळ्यात खालची, एका तासासाठीची, ५२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५२ भाग) आहे, म्हणजे ५२,००० पीपीबी (शंभर कोटी भागांत). टेक्सासच्या पर्यावरण खात्याची एका तासाची तुलनात्मक पातळी १८० पीपीबी. आणि आपल्याकडचं राष्ट्रीय मानक आहे वर्षाच्या सरासरीचं: ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे दीड पीपीबीच्या आसपास. डीअर पार्कला त्या पहाटे सुमारे १९० पीपीबी मोजलं गेलं. पहिल्या मापाने ते नगण्य, दुसऱ्या मापाने मर्यादेबाहेर. तिसऱ्या मापाशी त्याची तुलनाच होत नाही, कारण एका तासाचा आकडा वर्षाच्या सरासरीशी लावता येत नाही. तिन्ही मापं शास्त्रीय आहेत, पण उद्देश वेगवेगळे. पहिलं आयुष्यात एखाद्या वेळी घडणाऱ्या अपघातात तात्काळ त्रास कधी सुरू होईल ते सांगतं, दुसरं सावध होण्यासाठी आहे, तिसरं वर्षानुवर्षांच्या धोक्यासाठी. कामगारांसाठीची आठ तासांची मर्यादा चौथी. ती धडधाकट प्रौढांसाठी असते. तान्ह्या बाळाला आणि ऐंशीच्या आजोबांना ती लावून ‘मर्यादेत’ म्हटलेलं मी अहवालांत वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी हरकत घेतली आहे. घरात माणूस चोवीस तास असतो, कामावर आठ.

नाकाचा भरवसा किती धरायचा? गंधकाची काही संयुगं एक पीपीबीच्याही खाली जाणवतात, म्हणजे तीव्र वास असूनही मात्रा अगदी थोडी असू शकते. उलट बेंझीनचा वास यायला पीपीएमच्या पातळीवर जावं लागतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. वासाने धोक्याचं माप कळत नाही, पण वेळ आणि जागा फार छान कळते. म्हणून सोसायटीत एक वही ठेवा: तारीख, वेळ, कुठला मजला, वास कसा (सडक्या अंड्यासारखा, नेलपॉलिशसारखा, जळक्या रबरासारखा), वारा कुठून, कोणाला काय त्रास. अशा वह्यांचा मला कामात नेहमी उपयोग झाला आहे. डबा कुठे आणि किती वाजता उघडायचा, हे त्यावरून ठरवता येतं. कोणाकडे पीएमचा स्वस्त सेन्सर असेल, तर त्याचे आकडेही वहीत घ्या. दमट हवेत तो जास्त दाखवतो, त्यामुळे आकड्यावर भांडू नका. पातळी कधी चढली आणि कधी उतरली, एवढ्यापुरता तो कामाचा आहे.

काजळी हा वेगळा विषय आहे आणि आपल्याकडे तो नेहमी मागे पडतो. रुआँमध्ये दोनशेहून अधिक गावांत दूध आणि शेतमालावर काही काळ बंदी घातली होती, ती या पडलेल्या काजळीमुळेच. तुमच्याकडे मे महिन्यात आग लागली असेल, तर गच्चीवर काय असतं ते मला माहीत आहे: पापड, कुरडया, सांडगे. त्यावर काजळी पडली असेल, तर झटकून, पुसून ठेवू नका. जीव तुटतो, पण टाकून द्या. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं होतं का, ते बघा. असेल तर टाकी रिकामी करून धुवा. गच्ची, गॅलरी, मुलांची घसरगुंडी, हे सगळं ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारला की खाली बसलेले कण पुन्हा नाकात. धुण्याआधी मंडळाकडून एक-दोन ठिकाणचे पुसून घेतलेले नमुने मात्र घ्यायला लावा, कारण एकदा धुतलं की तेही गेलं. कारखान्याचं किंवा शेडचं छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं असेल, तर अधिक जपा. त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक असे बारीक तंतू) असतं आणि आगीत ते पत्रे तडतडून फुटतात. असे तुकडे अंगणात पडले, तर मुलांना हात लावू देऊ नका, फोडू नका, ओले करून झाकून ठेवा आणि पालिकेला कळवा.

मास्कचं थोडक्यात: घट्ट बसणारा एन ९५ कणांना अडवतो, वायूंना नाही. ओला रुमाल घसा थोडा शांत करतो, त्याहून जास्त काही नाही. लोट अंगावर येत असताना दारं-खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद. बाहेरची हवा निवळली की सगळं सताड उघडायचं. आत कोंडलेली हवा काढली नाही, तर घरातली पातळी बाहेरच्यापेक्षा जास्त राहते. हे दुसरं अर्ध सांगायला बहुतेक सूचनापत्रकं विसरतात.

तब्येतीचं म्हणाल तर दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा तान्हं बाळ असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. घसा खवखवणं सहसा हवा निवळल्यावर दोन-तीन दिवसांत थांबतं. धाप, छातीत घरघर, सतत खोकला, चक्कर यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी. केसपेपरवर ‘आगीच्या धुराशी संपर्क’ आणि तारीख लिहून घ्या. बेंझीनसाठी रक्त तपासायला खासगी लॅबमध्ये पैसे घालवू नका. ते शरीरातून लवकर निघून जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या निकालावरून काही ठरत नाही. त्यापेक्षा परिसरातल्या दवाखान्यांत श्वासाचे रुग्ण त्या आठवड्यात किती आले, हे आरोग्य खात्याने गोळा करावं, अशी मागणी लावून धरा. जिथे यंत्र पोचलं नव्हतं तिथली माहिती यातून मिळते.

आता कोणाकडे जायचं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट असतात, आणि स्थानिक गटात डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, लोकप्रतिनिधी यांनाही जागा आहे. तुमच्या वसाहतीच्या गटाची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि पालिकेचा आरोग्य विभाग, तिघांना एकच पत्र द्या. त्यात एवढंच मागा: जळलेल्या मालाची यादी, कुठलं उपकरण, कुठे, किती वाजता, किती वेळ, प्रत्येक आकड्याची तुलना कुठल्या मर्यादेशी केली, आणि काय मोजलं नाही. शेवटचा मुद्दा गाळू देऊ नका.

सुरक्षित कधी म्हणायचं, याची माझी कसोटी सांगतो. ढिगारा आणि नाल्यातलं पाणी हलवून झालेलं असावं. त्यानंतर सलग काही रात्री, वारा कारखान्याकडून तुमच्याकडे असताना, यादीतल्या पदार्थांची पातळी कारखान्याच्या वरच्या अंगाच्या हवेइतकीच भरावी. आणि तुमच्या वहीत पहाटेच्या नोंदी थांबलेल्या असाव्यात. यांपैकी एक जरी बाकी असेल, तर शाळेचं मैदान आणि सकाळची फिरायची वेळ अजून काही दिवस पुढे ढकला.